तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा पूर आणि आपली चाळणी : 'जीआर आलाय का?' ही सवय इथेही लावूया



सकाळी मोबाईल हातात घेतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय काय दिसतं, ते एकदा मोजून बघा. नवा फोन आला. अमुक कंपनीचं एआय आता मराठीत बोलतं. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप बंद होणार. 'शिक्षकांनो, ही दहा एआय टूल्स माहीत नसतील तर मागे पडाल!' पालकांच्या ग्रुपवर वेगळंच, 'मुलांना आत्ताच कोडिंग शिकवा, नाहीतर उशीर होईल.' यातलं खरं किती आणि आपल्या कामाचं किती हे ठरवायच्या आत परिपाठाची घंटा होते.

याला माहितीचा अतिरेक म्हणतात. ही कल्पना मोबाईलच्या आधीची आहे. ॲल्विन टॉफलर या अमेरिकन लेखकाने १९७० साली 'फ्यूचर शॉक' या पुस्तकातून ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. तेव्हा इंटरनेट घराघरात नव्हतं. आज तो अतिरेक आपल्या खिशात आहे, इतकाच फरक.

हा विषय शैक्षणिक ब्लॉगवर का, असं कुणी विचारेल. कारण यात आपल्या दोन गोष्टी पणाला लागतात. पहिली, वर्गातल्या मुलांच्या वाट्याचं आपलं लक्ष. दुसरी, भीतीपोटी क्लास, टॅब आणि कोर्सवर जाणारा पालकांचा पैसा.

१) हा पूर येतो कुठून?

६ जानेवारीला आपण शाळेत पत्रकार दिन साजरा करतो. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. सुरुवातीला ते पाक्षिक होतं, म्हणजे पुढचा अंक पंधरा दिवसांनी. नंतर साप्ताहिकं, दैनिकं आली. पण कितीही जाड दैनिक असलं तरी त्याला शेवटचं पान असतंच. पेपर वाचून 'संपतो'. मोबाईलवरची बातम्यांची यादी संपतच नाही, बोट वर सरकवत राहिलं की खालून नवीन येत राहतं. कुठे थांबायचं हे पूर्वी कागद ठरवायचा, आता आपल्याला ठरवावं लागतं.

दुसरं कारण, एकाच गोष्टीच्या अनेक बातम्या होतात. एक नवा फोन घ्या. आधी त्याचा फोटो 'लीक' होतो. मग लाँचची तारीख. मग लाँच. मग किंमत. मग पहिला सेल. मग दुसऱ्या फोनशी तुलना. मग किंमत कमी झाल्याची बातमी. आणि मग पुढच्या मॉडेलची अफवा! फोन एक, बातम्या आठ. त्यातली प्रत्येक बातमी दहा ठिकाणी छापून येते. आपल्याला वाटतं जग फार वेगाने पळतंय; प्रत्यक्षात एकच गोष्ट आपण ऐंशी वेळा बघितलेली असते.

तिसरं कारण पैशाचं. बऱ्याच मोफत बातम्यांचा खर्च जाहिरातीतून निघतो आणि जाहिरातीचा पैसा आपण किती वेळा उघडतो, किती वेळ थांबतो यावर अवलंबून असतो. म्हणून शीर्षकात 'लगेच करा', 'बंद होणार', 'मागे पडाल' असे शब्द येतात. शिवाय आपण ज्यावर बोट ठेवतो त्याच प्रकारचं आणखी समोर येतं. चार दिवस एआयच्या बातम्या उघडल्या की पाचव्या दिवशी सगळीकडे एआयच दिसतं.

२) याचा आपल्यावर काय परिणाम होतो?

पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली एक साधा मुद्दा मांडला होता. माहिती वाढली की ती ऐकणाऱ्याचं लक्ष खर्च करते, त्यामुळे माहितीची सुबत्ता झाली की लक्षाची टंचाई होते. आपल्या भाषेत सांगायचं तर विहिरीत पाणी तेवढंच, पण पाट दहा काढले. शेवटच्या वाफ्यापर्यंत काय पोचणार?

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी मनाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो. आपण हे रोज अनुभवतो. दोन तासिकांच्या मध्ये 'जरा बघू' म्हणून फोन उघडला, 'एआयमुळे या नोकऱ्या जाणार' असं काहीतरी वाचलं आणि वर्गात गेलो. फळ्यावर हातच्याची वजाबाकी चालू असते, पण डोक्यात ती बातमी फिरत असते. मुलाने हातचा कुठे चुकवला ते दिसायला मग वेळ लागतो.

३) चाळणी आपल्याकडे आहेच!

आपण शिक्षक एका बाबतीत फार पक्के आहोत. ग्रुपवर 'बदल्यांचं वेळापत्रक आलं', 'महागाई भत्ता वाढला', 'सुट्टी जाहीर' असा मेसेज आला की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारतंच, "जीआर आलाय का?" जीआर आला तर आपण त्यावरचा दिनांक बघतो, संगणक सांकेतांक बघतो, आणि तो आपल्याला लागू आहे का ते बघतो. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी की फक्त अनुदानित खाजगी शाळांसाठी? तोपर्यंत कुणी पेढे वाटत नाही.

हीच सवय तंत्रज्ञानाच्या बातमीला लावायची. नवीन काही शिकायची गरज नाही. चार प्रश्न पुरेत.

१. कोणी सांगितलं? ज्याचा निर्णय आहे त्याने स्वतः सांगितलंय की तिसऱ्याच कुणी? सांगणाऱ्याला काही विकायचं आहे का?
२. कधीचं आहे? आजचं की तीन वर्षांपूर्वीचं, पुन्हा फिरत आलेलं?
३. झालंय की होणार आहे? 'आलं' आणि 'येऊ शकतं' यात फार अंतर आहे.
४. उद्या माझ्या वर्गात किंवा घरात यामुळे काही बदलणार आहे का? नसेल तर पुढे चला.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बातमी खरी असूनही आपल्या कामाची नसू शकते. पूर कमी करायचा तर खोट्या बातम्या गाळून भागत नाही, बिनकामाच्या खऱ्या बातम्याही बाजूला काढाव्या लागतात.

४) चार बातम्या चाळून बघू

(अ) 'व्हॉट्सॲपवर तीन टिक आल्या की सरकारने मेसेज बघितला.' हा मेसेज काही वर्षांपासून ठरावीक काळाने परत येतो. कोणी सांगितलं? कुणाचंच नाव नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा 'पीआयबी फॅक्ट चेक' नावाचा विभाग २०१९ पासून सरकारविषयीच्या दाव्यांची तपासणी करतो. त्याने हा मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं आहे. व्हॉट्सॲपमध्ये एक टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. तिसरी टिक नाहीच. पहिल्याच प्रश्नाला ही बातमी गळाली.

(आ) 'या फोनवर व्हॉट्सॲप बंद होणार!' हिच्यात तथ्य असतं. कंपनी अधूनमधून फार जुन्या अँड्रॉइड आणि आयफोन आवृत्त्यांसाठी सेवा थांबवते. पण चौथा प्रश्न विचारा, माझ्या फोनवर का? सेटिंग उघडा, 'अबाउट फोन'मध्ये जा, अँड्रॉइडचा आकडा बघा आणि व्हॉट्सॲपच्या मदत पानावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. गेल्या चार-पाच वर्षांत नवा फोन घेतला असेल तर ही बातमी बहुतेक तुमच्यासाठी नाहीच. एखाद्या पालकाचा फोन दहा वर्षं जुना असेल तर मात्र त्यांना आठवणीने सांगा.

(इ) 'तिसरीपासून एआय सक्तीचं!' ही आपल्या प्राथमिकच्या जिव्हाळ्याची. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरी आणि पुढच्या इयत्तांसाठी एआय व संगणकीय विचार यांचा अभ्यासक्रम आणायचा आहे. त्यासाठी सीबीएसईने तज्ज्ञ समिती नेमली. बातमी खरी, सांगणारं मंत्रालय. पण आपल्या राज्यमंडळाच्या शाळेत काय आणि कोणत्या पुस्तकातून शिकवायचं, हे राज्याच्या पातळीवर ठरतं. त्याची वाट आपल्याला पाठ आहे: शासन निर्णय, मग राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं प्रशिक्षण, मग बालभारतीचं पुस्तक. त्यामुळे बातमी वाचून लगेच बाहेरचा 'एआय शिक्षक प्रमाणपत्र कोर्स' विकत घ्यायची घाई नको.

आणि 'संगणकीय विचार' या शब्दाला घाबरूही नका. लहान वयात त्याचा अर्थ मोठं काम छोट्या पायऱ्यांत मांडणं, क्रम लावणं, आकृतिबंध ओळखणं. चहा करायच्या पायऱ्या क्रमाने सांगणं, ठिपक्यांच्या रांगोळीतला पुढचा ठिपका कुठे येईल ते ओळखणं, शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता पाहुण्याला समजेल असा लिहिणं, हे आपण संगणकाशिवाय आजही घेऊ शकतो.

(ई) 'शिक्षकांसाठी दहा जबरदस्त एआय टूल्स.' ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून अशा याद्यांचा पाऊसच पडतोय. इथे प्रश्न उलटा फिरवा. आधी आपली अडचण लिहा, मग साधन शोधा. उदाहरणार्थ, 'पाचवीच्या मुलांसाठी अपूर्णांकावरची सोपी-मध्यम-अवघड अशी पंधरा शाब्दिक उदाहरणं हवीत.' या कामाला एक साधन पुरतं. त्याने दिलेली उदाहरणं मात्र स्वतः सोडवून बघितल्याशिवाय फळ्यावर लिहू नका, कारण ही साधनं चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतात. उरलेल्या नऊ टूल्सकडे अडचण नसताना बघायचं कारणच नाही.

५) थांबलं तर आपण मागे पडू का?

ही भीती खरी आहे, म्हणून तिचं उत्तर उदाहरणाने देते. २८ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक कंपनीने आपलं नाव बदलून 'मेटा' केलं. मग काही महिने सगळीकडे 'मेटाव्हर्स'. शाळा मेटाव्हर्समध्ये भरणार, कार्यालयं तिथेच असणार. त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने 'एनएफटी' हा वर्षाचा शब्द ठरवला. वर्षभराने चॅटजीपीटी आलं आणि बातम्यांचं तोंड तिकडे वळलं. आज आपल्यापैकी कितीजणांच्या शाळेत मेटाव्हर्स आहे? ज्यांनी तेव्हा एकही लेख वाचला नाही त्यांचं काय अडलं?

आता उलट उदाहरण. ५ सप्टेंबर २०१७ ला 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झालं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. त्याचा असा गाजावाजा आपल्या घरात कुणाला आठवत नसेल. पण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा तोच कोड मोबाईलवर स्कॅन करून अनेकांनी अभ्यास चालू ठेवला. थोडक्यात, मोठ्या आवाजाची बातमी आपल्या कामाची असेलच असं नाही.

लोणचं घातल्या दिवशी खात नाहीत, मुरू देतात. तंत्रज्ञानाची बातमीही महिनाभर मुरू द्यावी. महिन्याने कुणी तिचं नाव काढत असेल तर वाचायला घ्यावी. तोपर्यंत तिच्यातल्या चुका बाहेर पडलेल्या असतात आणि वापरणाऱ्यांचे अनुभवही आलेले असतात.

मात्र काही बातम्यांना महिना द्यायचा नाही. फसवणुकीचे नवे प्रकार आणि सुरक्षेचे अपडेट लगेच बघा. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून आलेली एपीके फाईल उघडल्यामुळे बँक खातं रिकामं झाल्याचे प्रकार घडले आहेत. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करा. हा नंबर वर्गाच्या भिंतीवर आणि पालकसभेच्या फलकावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

६) आठवड्याचं साधं वेळापत्रक

* रोज : शाळेच्या वेळेत तंत्रज्ञानाच्या बातम्या नाहीत. काही दिसलंच तर लिंक स्वतःलाच पाठवून ठेवा, उघडू नका.
* रविवारी ४० मिनिटे, म्हणजे एक तासिका : साठवलेल्या लिंक चार प्रश्नांतून काढा. निम्म्याहून अधिक तिथेच गळतील. घड्याळ लावून बसा, तासिका संपली की फोन बाजूला.
* महिन्यातून एकदा : एका वहीत तीन रकाने आखा : 'बातमी', 'कोणी सांगितलं', 'महिन्याने काय झालं'. तीन-चार महिन्यांनी ही वही वाचली की घाई करून काही मिळत नाही हे आपलं आपल्यालाच पटतं.
* केंद्राच्या शिक्षण परिषदेत : दर महिन्याला एका शिक्षकाने दहा मिनिटांत कामाच्या दोनच गोष्टी सांगाव्यात. बारा शाळांच्या शिक्षकांनी तेच ते स्वतंत्रपणे वाचण्यापेक्षा एकाने वाचून बाकीच्यांना सांगितलेलं बरं.

मोबाईलमध्ये एकदाच करायच्या गोष्टी :

* बातम्यांच्या ॲपच्या नोटिफिकेशन बंद करा. बँक, शाळा, घर एवढ्याच चालू ठेवा.
* जास्त गडबडीचे ग्रुप म्यूट करा. आठ तास, एक आठवडा आणि कायमचं असे पर्याय तिथे आहेत. कामकाजाचा अधिकृत ग्रुप तेवढा चालू ठेवा.
* नको असलेली बातमी दिसली की तिच्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'यात रस नाही' हा पर्याय निवडा. आठ-दहा वेळा केलं की फरक दिसू लागतो.
* मेसेजवर जोडबाण दिसला तर तो खूप हातांतून फिरत आलाय असं समजा. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. तो अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे, तेवढ्या वेळात पहिला प्रश्न विचारून घ्या.

७) वर्गातील उपक्रम : 'बातमी पाखडूया'

इयत्ता : चौथी-पाचवी  वेळ : दोन तासिका  साहित्य : कागदाच्या पट्ट्या, शक्य असल्यास एक सूप आणि मूठभर न निवडलेले तांदूळ

उद्दिष्ट : ऐकलेली गोष्ट लगेच खरी न मानता 'कोणी सांगितलं? कधी? झालंय की होणार आहे?' असं विचारायची सवय लागणे.

कृती :

१. सुरुवातीला कानगोष्टींचा खेळ घ्या. पहिल्या मुलाच्या कानात सांगा, 'सोमवारी संगणक कक्षात नवीन माऊस येणार आहे.' शेवटच्या मुलापर्यंत काय पोचतं ते फळ्यावर लिहा. माऊसचा उंदीर झाला तर हसून घ्या आणि मग विचारा, 'चूक कुणी मुद्दाम केली का?' फॉरवर्ड मेसेजचं असंच होतं, हे मुलांना इथे समजतं.

२. सुपात तांदूळ पाखडून दाखवा. कोंडा हलका, आधी उडतो. खडे जड, ते हाताने वेचावे लागतात. कोंडा म्हणजे बिनकामाची बातमी, खडा म्हणजे खोटी बातमी, तांदूळ म्हणजे कामाची.

३. गटाला प्रत्येकी चार पट्ट्या द्या. पट्ट्यांवर स्वतः तयार केलेली वाक्यं लिहा. उदा. 'हा मेसेज दहा जणांना पाठवला तर मोफत रिचार्ज मिळेल', 'परदेशात सोन्याचा मोबाईल विकायला आला', 'शाळेच्या सूचना फलकावर मुख्याध्यापकांची सही असलेली सूचना : शनिवारी शाळा सकाळची'. गटाने चर्चा करून कोंडा, खडे, तांदूळ असे ढीग करावेत आणि कारण सांगावं.

४. घरचा अभ्यास : घरात आज कोणती नवी बातमी ऐकली आणि ती कोणी सांगितली, हे आई-बाबा किंवा आजी-आजोबांना विचारून दोन ओळी लिहिणे.

मूल्यमापन : उत्तर बरोबर की चूक यापेक्षा मूल कारण देतंय का ते पाहा. 'मला वाटतं म्हणून' याऐवजी 'सही आहे म्हणून', 'नाव लिहिलेलं नाही म्हणून' असं उत्तर आलं की उद्दिष्ट साध्य झालं.

८) पालकांसाठी थोडंसं

"बाई, पोराला कोडिंग लावू का? सगळे म्हणतात आत्ताच लावा." पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. त्या वेळी मी पालकांना तेच चार प्रश्न विचारते. 'सगळे' म्हणजे कोण? क्लास विकणारे की शेजारी? तुमच्या मुलाला त्याची आवड दिसली का? आवड असेल तर 'स्क्रॅच' हे मुलांसाठीचं मोफत साधन आहे. त्यावर महिनाभर खेळू द्या. मग फीचं बघू.

दुसरं, मुलांसमोर आपण स्वतः काय करतो? जेवताना प्रत्येक टिंगला आपण फोन बघितला तर मूलही तेच शिकणार. जेवणाच्या वेळी घरातले सगळे फोन एका टोपलीत ठेवायचे, मोठ्यांचे आधी. त्या वेळात मुलाने शाळेतली एक गोष्ट सांगायची. आज आपल्यासाठी तीच खरी ताजी बातमी.

थोडक्यात सांगायचं तर

बातम्या कमी होणार नाहीत. उद्या एआयच्या जागी आणखी काही येईल. सगळं माहीत असणं कुणालाच शक्य नाही, शिक्षकालाही नाही. पण 'जीआर आलाय का?' हे विचारायची सवय आपल्याला आहे, ती मुलांना देता येईल. चौथीतलं मूल घरी जाऊन बाबांना म्हणालं, "बाबा, हे कोणी सांगितलंय? फॉरवर्ड करू नका," तर आपला पाठ पोचला असं समजायला हरकत नाही.

'बातमी पाखडूया' हा उपक्रम आपल्या वर्गात जरूर घ्या. मुलांची उत्तरं काय आली ते केंद्रातल्या इतर शिक्षकांनाही सांगा.